मुली पाहायला पंधरा हजार

‘मुलगी पाहायला जाणे’ या शब्दांना मराठीत एकच अर्थ आहे. त्याला कांदेपोहे लागतात, एक मध्यस्थ लागतो आणि पाहुण्यांपैकी एखाद्या मावशीबाईंनी मुलीला दारापर्यंत चालून दाखवायला सांगावे लागते. आता दिवस पालटले. पोह्यांच्या जागी हॉटेलातली कॉफी आली, मुलीच मुलाला उलटे चार प्रश्न विचारू लागल्या, हे सगळे खरे. पण पाहणाराची दृष्टी फारशी हललेली नाही. रंग कसा, उंची किती, चष्मा आहे का, आणि हल्ली त्यात भर म्हणजे पगार किती.

हे आठवण्याचे कारण असे की, मुली पाहायला एकदम पंधरा हजार माणसे लोटलेली मी पाहिली आहेत. त्यांत कोणीही रंगाची चौकशी केली नाही. उंचीची केली, पण ती निराळ्या हेतूने. सहा फूट दोन इंच हा आकडा ऐकून आपल्याकडे वरपिता घाम पुसतो. तिथे लोक टाळ्या वाजवीत होते.

स्थळ होते अमेरिकेतले आयोवा सिटी. अमेरिकेच्या नकाशात मधोमध बोट ठेवले की त्याच्या जरा उजवीकडे आयोवा राज्य येते. मका, सोयाबीन आणि डुकरे यांचा हा मुलूख. मराठी वाचकाने या गावाचे नाव ऐकले असेल ते तिथल्या विद्यापीठात १९६७ साली सुरू झालेल्या लेखकांच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमामुळे. आपले दिलीप चित्रे १९७५ साली तिथेच गेले होते. आमची धाकटी मात्र तिथे गेली ती कवितेसाठी नव्हे, दातांसाठी. दंतवैद्यकाचे पुढचे शिक्षण ती तिथे घेत होती आणि तिच्याकडे आम्ही उभयतांनी एक हिवाळा काढला.

“बाबा, रविवारी मॅच आहे. मुलींची बास्केटबॉल. तिकिटं मोठ्या मुश्किलीनं मिळाली आहेत,” असे तिने जाहीर केले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी स्वेटर विणता विणता मान वर केली.

“मुलींची मॅच? आणि तिला तिकीट?”

या दोन प्रश्नांत आपल्याकडच्या क्रीडाविश्वाचा बराचसा इतिहास आला.

बाहेर उणे पंधरा अंशांची थंडी. असे असूनही माणसे टोप्या, मफलर, हातमोजे घालून रांगेने चालली होती. त्या क्रीडागृहाचे नाव कार्व्हर-हॉकआय. १९८३ साली उघडलेली ही इमारत टेकडीच्या पोटात बांधलेली आहे. रस्त्यावरून आत शिरावे तो आपण सर्वांत वरच्या रांगेशी उभे असतो आणि तिथून पायऱ्यांनी खाली खाली जायचे. आपल्याकडच्या एखाद्या प्रचंड पायविहिरीत उतरावे तसे वाटते. फरक इतकाच की तळाशी पाण्याऐवजी चकचकीत लाकडी मैदान असते. जिकडे पाहावे तिकडे काळा आणि पिवळा, हे दोनच रंग. एका बाजूला विद्यार्थ्यांचा बँड, ससाण्याचे भलेमोठे डोके घातलेला हर्की नावाचा सोंगाड्या, मक्याच्या लाह्यांचा वास, आणि त्या घमघमाटात आजोबा-आजींपासून तान्ह्या मुलांपर्यंत सगळी कुटुंबेच्या कुटुंबे.

मला सर्वांत नवल वाटले ते आमच्या पुढच्या रांगेतल्या एका मुलाचे. वय असेल नऊ-दहा. अंगात पिवळा सदरा, पाठीवर २२ हा आकडा आणि त्यावर एका मुलीचे आडनाव: क्लार्क. आपल्याकडे मुलाला तू मुलीसारखा रडतोस म्हणून हिणवतात. हा मुलगा एका मुलीचे नाव पाठीवर मिरवीत होता आणि त्याचे त्याला काहीच वाटत नव्हते. मला वाटते, त्या सभागृहात सर्वांत मोठी गोष्ट तीच होती.

ही केटलिन क्लार्क त्या वेळी मैदानावर नव्हतीच. ती आदल्या वर्षी पदवी घेऊन व्यावसायिक संघात गेली होती. ती याच राज्याची लेक. चार वर्षांत तिने ३,९५१ गुण केले. मार्च २०२४ मध्ये तिने पीट मॅराविच या पुरुष खेळाडूचा ३,६६७ गुणांचा विक्रम मागे टाकला, आणि तो विक्रम १९७० पासून उभा होता. तिच्यासाठी १५ ऑक्टोबर २०२३ रोजी विद्यापीठाने फुटबॉलच्या उघड्या मैदानात लाकडी कोर्ट टाकून एक सराव-सामना भरवला, तर ५५,६४६ माणसे आली. पुढे ७ एप्रिल २०२४ ला अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाने आयोवाला ८७-७५ असे हरवले. तो सामना अमेरिकेत सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी दूरदर्शन संचावर पाहिला. त्याच वर्षीचा पुरुषांचा अंतिम सामना पाहणारे होते सुमारे १ कोटी ४८ लाख. क्लार्क गेल्यावर गर्दी ओसरेल असे पुष्कळांना वाटले होते. आम्ही गेलो त्या दिवशी एक खुर्ची रिकामी दिसली नाही.

ज्यांच्या घरात बास्केटबॉल कधी शिरला नाही त्यांच्यासाठी चार शब्द. दोन्हीकडे पाच-पाच जणी. दहा मिनिटांचे चार डाव. दहा फूट उंचीवर लोखंडी कडे आणि त्याला जाळी. पुरुषांचे कडेही तितक्याच उंचीवर असते, मुलींसाठी कोणी ते खाली आणत नाही. मुलींचा चेंडू मात्र घेराने एक इंच लहान, साडेअठ्ठावीस इंचांचा. जवळून टाकला तर दोन गुण, बावीस फुटांच्या थोड्या बाहेर आखलेल्या कमानीपलीकडून टाकला तर तीन, आणि प्रतिपक्षाने आगळीक केली म्हणून मिळालेल्या फ्री थ्रोचा एक. चेंडू ताब्यात आला की तीस सेकंदांत कड्याकडे फेकलाच पाहिजे. खल करीत बसायला वेळ नाही. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर.

एवढे कळले की खेळ दिसू लागतो. मात्र नवशिक्याचे डोळे चेंडूच्या मागे धावतात आणि खरा खेळ पुष्कळदा चेंडू नसतो तिथे चालू असतो. एक मुलगी नुसती जाऊन खांबासारखी उभी राहते. तिच्या अंगावरून मैत्रीण वळते, पाठलाग करणारी त्या खांबाला अडते आणि मैत्रिणीला अर्धा क्षण मोकळा मिळतो. त्या अर्ध्या क्षणात चेंडू येऊन पोचलेला असतो. ज्यांनी खो-खोत खांबावरून मारलेली वळणे पाहिली आहेत त्यांना याची गोडी लगेच कळेल. आमच्या सौभाग्यवतींना माझ्याआधी कळली. “अहो, ती बघा, ती न पळताच खेळतेय,” त्या म्हणाल्या, आणि विणकामाची पिशवी त्यांनी पायाशी ठेवून दिली.

प्रेक्षकांचीही एक शिस्त असते. आपल्या मुलीला फ्री थ्रो मिळाला की पंधरा हजार माणसे एकदम चिडीचूप. कड्यावर चेंडू आदळल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत ऐकू यावा इतकी शांतता. पाहुण्या मुलीची पाळी आली की तीच सभ्य माणसे पाय आपटून, ओरडून कल्लोळ करतात. पण तीच पाहुणी मुलगी पाय मुरगळून खाली बसली, तेव्हा सगळे पुन्हा शांत झाले, आणि ती उठून चालू लागताच टाळ्या पडल्या. शत्रुत्व चेंडूपुरते, हे तिथे लहान पोरांनाही ठाऊक होते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजीबाई होत्या. वय सत्तरीच्या पुढे, हाताने विणलेली पिवळी टोपी, मांडीवर छोटी वही. तिच्यात त्या प्रत्येक मुलीचे गुण आणि फाऊल पेन्सिलीने टिपत होत्या. पुष्कळ वर्षे त्यांची ही खुर्ची ठरलेली. मध्यंतरात बोलणे निघाले. तुम्ही खेळत होता का, असे आमच्या मुलीने विचारले, तर त्या म्हणाल्या, “चार वर्षं शाळेच्या संघात होते. एकही बास्केट केली नाही.”

आम्हाला वाटले, बाई विनयाने बोलत आहेत. तसे नव्हते. त्यांच्या काळी आयोवाच्या शाळांत मुलींचा खेळ निराळाच होता. एका संघात सहा मुली, तीन फॉरवर्ड आणि तीन गार्ड. मैदानाच्या मधोमध एक रेघ, ती कोणीच ओलांडायची नाही. फॉरवर्डनी गुण करायचे, गार्डनी पलीकडच्यांना अडवायचे. चेंडू हातात आला की दोनच टप्पे, मग तो दुसरीकडे द्यायचा. मुलींच्या प्रकृतीला सगळे मैदान पळणे सोसणार नाही, अशी त्या नियमांमागे कल्पना होती. आजीबाई गार्ड होत्या. कड्याकडे चेंडू फेकण्याची पाळी त्यांच्यावर जन्मात आली नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “पलीकडचं अर्धं मैदान मी फक्त बघितलं आहे.”

तरीही त्या अर्ध्या मैदानाने आयोवात जे केले ते इतरत्र पुऱ्या मैदानाला जमले नव्हते. मुलींची राज्यस्पर्धा तिथे १९२० पासून होत होती. १९२५ साली, हा खेळ मुलींना शोभत नाही, असे म्हणत शहरी शाळांच्या लोकांनी अंग काढून घेतले. तेव्हा लहान लहान गावांतल्या शाळाप्रमुखांनी मुलींसाठी स्वतःची वेगळी संघटना उभी केली. ज्या गावांत धड चित्रपटगृह नव्हते, तिथे शुक्रवारी रात्री सारे गाव मुलींची मॅच पाहायला जमायचे. १९६८ च्या अंतिम सामन्यात एका बाजूच्या डेनिस लाँगने ६४ आणि दुसऱ्या बाजूच्या जीनेट ओल्सनने ७६ गुण केले. जादा वेळेनंतर निकाल लागला ११३-१०७, आणि जिंकली ती डेनिस लाँगची बाजू. सहा मुलींचा हा खेळ आयोवात १९९३ पर्यंत टिकला. विद्यापीठाच्या संघाच्या प्रशिक्षक म्हणून २०२४ साली नेमल्या गेलेल्या जॅन जेन्सन याच सहाजणींच्या खेळातून पुढे आल्या. शाळेच्या शेवटच्या वर्षी, १९८७ मध्ये, त्यांची सरासरी सामन्याला ६६ गुणांची होती. त्यांच्या आजीही १९२१ च्या राज्यविजेत्या संघात खेळलेल्या.

म्हणजे क्लार्क आली म्हणून ही गर्दी आकाशातून पडली नाही. हे लोक आपल्या आज्यांच्या वेळेपासून मुलींचा खेळ पाहत आले आहेत. पाहण्याची सवय आधी होती, क्लार्क मागाहून आली.

देशात इतरत्र अशी सवय लागायला फार दिवस गेले. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथने पीच फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ काढला आणि जवळच्याच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो लगेच मुलींना शिकवला. २२ मार्च १८९३ रोजी तिथे पहिला सामना झाला. सुरुवातीलाच चेंडू वर उडवताना एका कर्णधार मुलीचा खांदा निखळला; तरी खेळ झाला. पाहायला पुरुषांना मात्र बंदी. धावणाऱ्या मुली परपुरुषाच्या दृष्टीस पडू नयेत, हा त्या काळचा सोवळेपणा. १८९६ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि बर्कले यांच्या मुलींचा सामना झाला. निकाल २-१. सुमारे सातशे बायका पाहायला होत्या, आणि खिडक्यांतून डोकावणाऱ्या पुरुषांना काठ्या दाखवून पिटाळावे लागले.

सोवळे सुटले आणि त्याच्या जागी उपेक्षा आली. पुरुषांना येऊ देत, पण ते येईनात. १९७२ साली महाविद्यालयीन मुलींची पहिली मोठी राष्ट्रीय स्पर्धा झाली. पेनसिल्वेनियातल्या इमॅक्युलाटा या जोगिणींच्या छोट्या कॉलेजने ती जिंकली. प्रवासाला पैसे नव्हते म्हणून मुलींनी दात घासायचे ब्रश विकले आणि तरीही आठच जणींना जाता आले. पुढे त्यांनी आणखी दोन वर्षे विजेतेपद राखले. त्यांचे पहिले भक्त कोण, तर कॉलेजच्या जोगिणी. त्या वृद्ध बायका रांगेने बसून पत्र्याच्या बादल्या बडवीत. बँडला पैसा नसला तरी बादली कोणत्याही मठात असतेच.

त्याच वर्षी, २३ जून १९७२ ला, अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. मूळ वाक्यात खेळाचे नावसुद्धा नाही. पण मैदान, प्रशिक्षक, प्रवासखर्च, शिष्यवृत्ती हे सगळे शिक्षणातच मोडते, असे ठरले आणि दारे उघडली. त्या वेळी हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. पन्नास वर्षांच्या आत त्या तीस लाखांवर गेल्या. आयोवा विद्यापीठात मुलींच्या खेळांचा विभाग १९७३ पासून क्रिस्टीन ग्रँट या बाईंनी सत्तावीस वर्षे सांभाळला. ३ फेब्रुवारी १९८५ रोजी याच कार्व्हर-हॉकआयमध्ये मुलींच्या सामन्याला २२,१५७ माणसे आली. जागा होती साधारण पंधरा हजारांची. लोक पायऱ्यांवर बसले, वाटांवर बसले. आणि त्या दिवशी आयोवाचा संघ हरला. तरी तो दिवस तिथे अजून सणासारखा सांगतात.

आम्ही पाहिलेला सामना शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत लोंबकळत होता. अखेरीस यजमान जिंकले. बँड वाजू लागला. आजीबाईंनी वहीत शेवटचा आकडा टिपला, बेरीज केली, वही बंद केली. निघताना त्या सहज म्हणाल्या, “आमचे वडील शेतकरी. त्यांना या खेळातलं काही कळत नसे. पण माझी मॅच असली की गाई लवकर पिळून, बूट पुसून यायचे आणि मागच्या बाकावर बसायचे. मी एक बास्केट केली नाही कधी, पण ते कधी चुकले नाहीत.”

परतताना गाडीत आमच्या सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग एकदम म्हणाल्या, “मी कॉलेजच्या खो-खो संघात होते. शेवटच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन फायनल जिंकलो.”

हे मला ठाऊक होते. तो कप आमच्या कपाटात आहे. त्यात बटणे आणि टाचण्या असतात.

“साडेतीन मिनिटं नाबाद होते मी. घरचं कोणी नव्हतं. कप घेऊन घरी गेले तर आई म्हणाली, दिवेलागण होऊन गेली, इतका उशीर? आईला बोल नाही लावत मी. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, की हे पाहायचं असतं.”

आमच्या मुलीने आरशातून आईकडे पाहिले. तिने गाडी जरा हळू केली. बाहेर बर्फ पडत होते.

वाचकहो, आता आपल्याकडचे. आपल्या मुली खेळत नाहीत असे कोणी म्हणू नये. खो-खो, कबड्डी, हॉकी यांत त्या केव्हाच पुढे गेल्या. बास्केटबॉलच्या भारतीय महिला संघाचे नेतृत्वही आपल्या पुण्याच्या शिरीन लिमयेने केले आहे. उणीव आहे ती बाकांवर. शाळेच्या स्पर्धा चालू असतात तेव्हा एकदा मैदानावर जाऊन पाहा. मुलींचा सामना रंगात आलेला असतो. पाहायला कोण? दोन क्रीडाशिक्षक, बाद झालेल्या संघातल्या चार मुली आणि एक शेंगदाणेवाला. घरी आल्यावर मुलीला पहिला प्रश्न ‘जिंकलात का?’ आणि दुसरा ‘गृहपाठ झाला का?’ दहावीचे वर्ष आले की संघातून नाव काढायला चिठ्ठी जाते आणि कोणालाच काही हरवल्यासारखे वाटत नाही, कारण काय हरवले ते घरात कोणी पाहिलेलेच नसते.

रसिक व्हायला कायदा लागत नाही, पंधरा हजार खुर्च्याही लागत नाहीत. नियम येत नसले तरी चालते. ते दोन सामन्यांत येतात. बसून आरडाओरडा करीत मुलीला खेळायला शिकवू नये, ते काम तिच्या बाईंचे. दुसऱ्या संघाच्या मुलीने छान झेप घेतली तर तिलाही टाळी द्यावी. तिचे वडील बहुधा आलेले नसतात. आणि मुलगी राखीव म्हणून बाहेर बसली असली, तरी उठून जाऊ नये.

दिवाळीची सुट्टी संपली की पुन्हा सामने सुरू होतील. आपली मुलगी, पुतणी, भाची, शेजारच्या बिऱ्हाडातली कुणी खेळत असेल तर तारीख विचारून घ्या. दुपारचे दोन तास काढा. फराळाच्या डब्यात चकल्या उरल्या असतील तर त्या संघापुरत्या बरोबर न्या. आणि मागच्या बाकावर नका बसू. पुढे बसा, म्हणजे तिला दिसाल.